बाहेरचे कपडे

दसऱ्याच्या रात्री हरिद्वारला गंगेचा कालवा बंद करतात. १८५४ साली वाहता झालेला हा कालवा गाळ काढायला आणि डागडुजीला दरवर्षी दिवाळीच्या सुमारापर्यंत कोरडा ठेवतात, आणि तेवढे दिवस नोएडा-गाझियाबादच्या नळांना येणारं ‘गंगाजल’ आटतं. (इथे सगळे त्याला गंगाजलच म्हणतात, भांडी घासतानासुद्धा.) दिल्लीची सोनिया विहार आणि भागीरथी ही जलशुद्धीकरण केंद्रंही याच कालव्याचं पाणी घेतात, त्यामुळे यमुनेपलीकडेही ओढाताण होते. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘पाणी जपून वापरा’ असा कागद लागतो आणि टाक्यांत बोअरचं जड पाणी चढतं. दिवाळीची झाडलोट, पडदे, चादरी, सोफ्याच्या खोळी हे सगळं नेमकं त्याच दिवसांत येतं. कालव्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्याच्या घरी धुणं कोण करत असेल, असा प्रश्न मला दर दसऱ्याला पडतो.

अशाच एका पंधरवड्यात आमच्या घरी हा वाद झाला. एका बाजूला माझी पत्नी. निवृत्त शिक्षिका, अंगावरून उतरलेला कपडा पुन्हा अंगावर चढवणं तिला मान्य नाही. दुसऱ्या बाजूला तिची भाची. एका सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची निवासी डॉक्टर आहे, वसतिगृहातल्या जेवणाला कंटाळली की आमच्याकडे राहायला येते. मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. धुणं वाळत घालायचं काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल ते वाचकांनी ओळखावं.

सुरुवात एका जीन्सवरून झाली.

मावशी : ही खुर्चीवर का टाकलीयस? मशीन लावतेय, आण इकडे.

भाची : राहू दे गं. दोनदाच घातलीय. अजून आठवडाभर सहज चालेल.

मावशी : आठवडाभर? मेट्रोतून आलीस ना? राजीव चौकला बदललीस ना गाडी? हजार माणसं टेकली त्या बाकावर तू टेकलीस, आणि तेच घेऊन माझ्या पलंगावर बसायचं?

भाची : पलंगावर नाही गं, खुर्चीवर ठेवलीय.

मावशी : खुर्चीवर जीन्स आहे. पलंगावर काल तू होतीस, जीन्ससकट.

भाची : बरं, ते चुकलं. पण तुला एक गंमत सांगते. कॅनडात, अल्बर्टा विद्यापीठात, एका विद्यार्थ्याने एकच जीन्स पंधरा महिने न धुता वापरली. मग त्याच्या प्राध्यापक बाईंनी त्या कापडावरचे जिवाणू मोजले. नंतर ती धुतली, तेरा दिवस घातली, आणि परत मोजले. आकडा जवळपास तेवढाच. २०११ ची गोष्ट. म्हणजे कापडावर जिवाणू ठरावीक पातळीपर्यंत वाढतात आणि तिथेच रेंगाळतात. पंधरा महिन्यांनी काही राक्षस तयार होत नाही.

मावशी : कुठलं गाव म्हणालीस?

भाची : एडमंटन.

मावशी : तिथे बर्फ पडतो. त्याला म्हणावं जूनमध्ये आनंद विहारच्या बस अड्ड्यावर ये ती जीन्स घालून, मग मोजू.

इथे मला मावशीचं म्हणणं वजनदार वाटलं, आणि भाचीलाही वाटलं असावं, कारण तिने लगेच मोर्चा वळवला. घाम ही हवामानाची गोष्ट आहे हे ती नाकारत नव्हती. मे-जूनमध्ये इथे सुती सदरा दुपारपर्यंतच टिकतो, त्यावर तिचं काही म्हणणंच नाही. तिचं भांडण ऑक्टोबर ते मार्चच्या धुण्याशी होतं, आणि त्याहून जास्त त्या धुण्यामागच्या भीतीशी.

भाची : तुला नेमकी भीती कशाची वाटते, सांग. घामाची की बाकावरच्या त्या हजार माणसांची?

मावशी : माणसांची कशाला वाटेल? जंतूंची.

भाची : जंतू म्हणशील तर तुझ्या कपड्यावरचे बहुतेक तुझेच असतात. कातडीवर राहणारे, काखेतले, तळपायाचे. बाकावरून जीन्सला लागलेले थोडे, ते कोरड्या कापडावर नीट तग धरत नाहीत, आणि मांडीच्या धड कातडीतून आतही जात नाहीत. रोग बाहेरून कपड्यावर बसून येतो असं तुला वाटतं. माझ्या ओपीडीत रोज जो रोग येतो ना, तो घरातूनच येतो.

मावशी : म्हणजे काय?

भाची : गजकर्ण. मायकोसिसची, म्हणजे बुरशीच्या रोगाची, रांग लागलेली असते. पूर्वी दोन आठवडे मलम लावलं की जायचं. आता महिनोन्महिने जात नाही. जपानी संशोधकांनी भारतातून आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांच्या कातडीतून ही बुरशी वेगळी काढली, २०२० मध्ये तिचं नाव ठेवलं : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. आपल्या देशाचं नाव बुरशीला! नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्यांना ती बऱ्याचदा दाद देत नाही. त्यात लोक दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळतात. खाज थांबते, बुरशी फोफावते. आपल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेला तिच्यासाठी खास कृतिदल नेमावं लागलं.

मावशी : बघ! आणि तू म्हणतेस धुऊ नको.

भाची : मी असं कधी म्हटलं? मी विचारते, ती घरभर कशी पसरते? नवऱ्याला झालं की बायकोला, मग मुलाला. कारण काय, तर एकच टॉवेल. मोरीत ओला लोंबकळणारा, सगळ्यांनी पुसलेला. आता सांग, आपल्या बेसिनजवळचा तो पंचा शेवटचा कधी बदललास?

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पंच्याकडे पाहिलं. पंचा दसऱ्याच्या आधीचा होता, एवढंच सांगतो.

मावशी : तो हात पुसायचा आहे.

भाची : आणि काकांच्या पायांचा. मी बघितलंय. मावशी, तू माझी जीन्स रोज मशीनमध्ये घालशील, आणि जो कपडा घरात सगळ्यांच्या ओल्या अंगाला लागतो तो पंधरा दिवस तसाच. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, दोन-तीन वापरानंतर धुवायचा, आणि मधल्या वेळात पसरून वाळवायचा. आतले कपडे आणि मोजे रोज. उशीचा अभ्रा आठवड्याला. एवढं पाळलंस तर जीन्स, स्वेटर, शाल, जॅकेट यांना मी हात लावू देणार नाही.

मावशी : म्हणजे तुझंही सोवळं आहेच की.

भाची : आहेच. फक्त त्यात कारण आहे.

मावशी : आमच्यातही कारणं होती. माझी आजी रोज स्वतः लुगडं धुऊन उंच दांडीवर वाळत घालायची, काठीने. कुणाचा हात लागू द्यायची नाही. त्या काळी जंतू कुणाला माहीत होते? पण अंगवळणी पडलेलं होतं, आणि ते चांगलंच होतं ना?

भाची : सुती लुगडं रोज धुणं चांगलंच. पण तुझ्या आजोबांचा रेशमी मुकटा रोज धूत होते का? आणि ती लोकरीची धाबळी?

मावशी : नाही. रेशीम आणि लोकर यांना ओवळं लागत नाही.

भाची : आणि परटाकडून आलेले कपडे? शुभ्र, नीळ दिलेले, कडक इस्त्रीचे?

मावशी : ते ओवळे. देवाला चालत नसत.

भाची : आता बघ काय गंमत आहे. परीट कपडे भट्टीत घालायचा, वाफेवर तासन्‌तास उकडायचा, मग उन्हात पसरायचा, वर निखाऱ्याची इस्त्री. अख्ख्या गावातले सगळ्यात निर्जंतुक कपडे ते. आणि तेच ओवळे, कारण त्याचा हात लागला. न धुतलेला मुकटा मात्र पवित्र. मावशी, यात जंतूंचा प्रश्न नव्हता. कुणाचा हात लागला, हा प्रश्न होता.

यावर मावशी गप्प बसेल असं मला वाटलं होतं. चाळीस वर्षं संसार करूनही माझे असे अंदाज चुकतात.

मावशी : ते खरंच आहे, आणि मी ते कधी पाळलं नाही. गाडगेबाबा परीट समाजातले, खराटा घेऊन गावं झाडली त्यांनी, हे मी मुलांना शिकवत आलेय. पण तू दोन गोष्टींची गल्लत करतेस. मेट्रोतल्या माणसाची जात मी विचारत नाही, त्याचा घाम मला नको एवढंच. आणि तुझं जे चाललंय ना, जुन्या माणसांनी भलत्या कारणाने केलं म्हणून ते भलतंच, ते मला पटत नाही. बाहेरून आल्यावर कपडे बदलायचे, हे कशासाठीही सुरू झालं असो, या शहरात त्याला आज कारण आहे. नोव्हेंबरात बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरव.

या एका मुद्द्यावर मी उघडपणे मावशीच्या बाजूचा आहे. मला दमा आहे. बारीक धुलिकणांची चोवीस तासांची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने हवेच्या घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपल्या सरकारने ६०. दिवाळीनंतर दिल्लीत या दोन्ही मर्यादा केवळ कागदावर राहतात. त्या दिवसांत दिवसभर रस्त्यावर फिरलेलं जॅकेट दारात झटकलं तरी मला खोकला येतो. भाचीही यावर हटली, पण तिच्या पद्धतीने.

भाची : धुळीबद्दल कबूल. काकांच्या खोलीत बाहेरचे कपडे नकोत, अगदी बरोबर. पण मग बदल, धुऊ नकोस. दारामागे एक खुंटी ठोक. बाहेरचे पण न मळलेले कपडे तिथे. आपल्या घरात कपड्याला दोनच जागा आहेत, कपाट आणि धुण्याची बादली. मधल्या कपड्याला जागाच नाही, म्हणून तो खुर्चीवर जातो आणि तू त्याला पकडून मशीनमध्ये टाकतेस.

मावशी : खुंटीवर लटकलेले कपडे म्हणजे खाणावळ वाटेल घराला.

भाची : आणि शिवाय, तू ते धुऊन वाळवतेस कुठे? त्याच बाल्कनीत. त्याच कठड्याच्या वर. ज्या धुळीसाठी धुतलेस तीच परत बसवून घेतेस, वर ओलं असल्यामुळे जास्त.

मावशी : मग आत वाळत घालू? डिसेंबरात दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो.

भाची : तो वास कसला आहे माहीत आहे? धुऊनही कापडात उरलेल्या एका जिवाणूचा. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. जपानमध्ये २०१२ ला शोधून काढलं. तो वाळल्यावरही जिवंत राहतो आणि परत ओलं झालं की कामाला लागतो. मशीनमध्ये रात्रभर पिळे तसेच राहिले की त्याची चंगळ. आपण गार पाण्यात धुतो ना, गार पाणी आणि पावडर जंतू फारसे मारत नाहीत, कापडावरून सोडवून पाण्यात घालवतात. काही जातात, काही याच्यावरून त्याच्यावर बसतात. मोजे, आतले कपडे आणि स्वयंपाकघरातली फडकी एका पाण्यात घातलीस तर काय होत असेल, तूच बघ. मारायचेच असतील तर साठ अंश तापमानाचं पाणी लागतं. तेवढं गरम पाणी तू कधी लावतेस?

मावशी : विजेचं बिल तू भरणार आहेस का?

भाची : रोज नकोच. टॉवेल, अभ्रे, फडकी, घरात कुणाला गजकर्ण किंवा खरूज असेल त्याचे कपडे, एवढ्यालाच. आणि त्यावर ऊन. नाही मिळालं तर इस्त्री. खाली नीमाखाली तो प्रेसवाला उभा असतो ना, त्याची कोळशाची इस्त्री त्या कुठल्याशा सुगंधी सॅनिटायझरपेक्षा जास्त काम करते. आम्ही रुग्णांना सांगतो, आतले कपडे उलटे करून शिवणीवर इस्त्री फिरवा. ऐकतात आणि हसतात.

मावशी : हसणारच. प्रेसवाल्याला बनियन इस्त्रीला दिलं तर तो मलाच समजावेल.

सॅनिटायझरचा विषय निघाला तसा मावशीने कपाटातून निळी बाटली आणली. २०२० नंतर अशा बाटल्या प्रत्येक दुकानात आल्या, धुण्याच्या शेवटच्या पाण्यात घालायच्या. ते करोनाचं वर्ष मावशीसाठी सोपं गेलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या धुतल्या, नोटांना इस्त्री केली, वर्तमानपत्र चार दिवस गच्चीत ठेवून मग वाचलं, म्हणजे मला बातम्या शिळ्या मिळाल्या. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट केलं, की पृष्ठभागाला हात लावून हा रोग होण्याची शक्यता फार कमी, दर स्पर्शामागे दहा हजारात एकाहूनही कमी. तो मुख्यतः हवेतून पसरतो. पण तोवर घराघरांतली सवय बदलून गेली होती. भाची हे बोलून दाखवणार, हे मला ठाऊक होतं. तिने ते पुण्याच्या वाटेने दाखवलं.

भाची : हे नवीन नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरात घुसले. अंथरुणं, कपडे रस्त्यावर काढून जाळले. लोकांचा जन्माचा संताप ओढवला, रँडचा जीव गेला. आणि पुढच्याच वर्षी कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून येतो. म्हणजे शत्रू कपड्यात नव्हताच.

मावशी : पिसू कुठे राहते? उंदीर मेला की ती अंथरुणातच येते ना? मग अंथरूण जाळलं ते अगदी वेडेपणाचं नव्हतं. वागणूक वाईट होती, ती वेगळी गोष्ट.

भाची हसली. हा मुद्दा तिला आवडला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. इतिहासात कपडे खरोखर मारतात असे रोग आहेत, हे तिने मग स्वतःहून सांगितलं : अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात, त्यांनी टायफस पसरवला आणि युद्धांत सैन्यंच्या सैन्यं खाली पाडली. तिथे कपडे बदलणं आणि कढत पाण्यात धुणं हाच उपाय होता. खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवस जगतो, तेव्हा तिथेही धुणंच. ‘पण हे रोग आहेत तेव्हा धू. नाहीत तेव्हा त्यांची नक्कल करू नकोस,’ असं ती म्हणाली.

आता पाळी मावशीची होती, आणि ती बराच वेळ दबा धरून बसली होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मावशी : तुझा तो पांढरा कोट. तो कधी धुतेस?

भाची : ...

मावशी : बोल ना. दिवसभर गजकर्ण, खरूज, पिकलेले फोड यांना लागून येतो तो. आठवड्यातून एकदा?

भाची : दोन आठवड्यांतून.

मावशी : आणि मला पंचा विचारतेस.

भाची : मान्य. रुग्णालयातल्या कापडावर स्टॅफिलोकॉकस किती दिवस टिकतात याचा अमेरिकेत अभ्यास झाला होता, २००० साली. सगळे किमान एक दिवस टिकले, काही तर पॉलिएस्टरवर महिन्याच्याही वर. इंग्लंडमध्ये २००७ ला डॉक्टरांच्या लांब बाह्याच बंद केल्या, कोपराच्या खाली काही घालायचं नाही असा नियम आला. आपल्याकडच्या एका डॉक्टरने २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं, भारतात पांढरा कोट बंदच करा. कुणी ऐकलं नाही. आम्ही तो घालून कँटीनमध्ये वडे खातो.

मावशी : माझ्या घरात तो पिशवीत येईल, वेगळा धुतला जाईल, कढत पाण्यात.

भाची : अगदी कबूल. बाहेरच्या कपड्यात खरोखर धोका कुठे असेल तर तो यात. मेट्रोच्या बाकात नाही.

हे कबूल करून घेतल्यावर मावशीचा आवाज जरा उतरला. पण तिला एक गोष्ट सोडायची नव्हती, आगगाडी. गोवा एक्सप्रेसने आम्ही पुण्याला जातो तेव्हा आमच्या बॅगेत दोन चादरी, एक शाल आणि उशीचा अभ्रा असतो. मी सामान उचलतो, म्हणून मला माहीत.

मावशी : नोव्हेंबर २०२४ ला रेल्वेमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की डब्यातल्या ब्लँकेटी महिन्यातून निदान एकदा धुतल्या जातात. निदान एकदा! हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्याआधी तर याहूनही कमी वेळा धुवायचे. आता म्हण, माझी भीती खोटी.

भाची : त्याच उत्तरात पुढे आहे, की पांघरुणाखाली घ्यायला जादा चादर देतात. ती दर फेरीला धुतात. ब्लँकेट त्या चादरीच्या वरून घ्यायची.

मावशी : ती चादर किती लोक अशी वापरतात?

भाची : कुणीच नाही. सगळे दोन्ही चादरी खाली अंथरतात.

मावशी : मग? महिन्यातून एकदा पुरत नाही, हे तुझंच सिद्ध झालं.

इथून पुढे वाद पाण्यावर आला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण धुण्याचा खर्च घराबाहेरही कुणीतरी भरतो. आमच्यापासून कालिंदी कुंज जवळ आहे. पावसाळा सरला की ओखल्याच्या बंधाऱ्याखाली यमुनेवर पांढरा फेस तरंगायला लागतो, छठपूजेला बायका त्या फेसात उभ्या असतात, आणि दरवर्षी तोच फोटो छापून येतो. हा फेस मैलापाण्यातून येणाऱ्या साबणाच्या पावडरींचा आणि फॉस्फेटचा. जून २०२१ मध्ये दिल्ली सरकारने मानकांत न बसणारे साबण आणि पावडरी विकायला बंदी घातली. फेस मात्र त्यानंतरही दिसतोच. आणि बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट उतरत नाही म्हणून घराघरांत एकाऐवजी दोन चमचे पडतात, मग ती निघावी म्हणून एक पाणी जास्त. ती न निघाली तर अंगाला खाज. भाचीच्या ओपीडीत तेही येतात, आणि घरी जाऊन आणखी धुतात.

भाची : तुझी मशीन वरून उघडणारी आहे. एका खेपेला शंभर लिटरच्या वर पाणी घेते. तू दिवसाला दोन खेपा लावतेस, त्यातली एक तरी स्वच्छ कपड्यांची असते. गंगाजल बंद असताना.

मावशी : स्वच्छ कोण ठरवतं?

भाची : नाक. खरंच सांगते, नाक वाईट साधन नाही. काखेला वास आला, धू. डाग दिसला, तेवढाच धू. नाहीतर ऊन दे आणि वारा दे. पण कापड बघ. पॉलिएस्टरचा टी-शर्ट लगेच वास मारतो, सुती कमी, लोकर त्याहून कमी. बेल्जियममध्ये काही लोकांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट हुंगवले होते, पॉलिएस्टरचे सगळ्यात वाईट निघाले. म्हणून तुझ्या त्या योगासनांच्या चुडीदारला रोज धू. काकांच्या बंडीला नको.

मी : बंडीला नको, हे लिहून ठेवा.

मावशी : तुम्ही मध्ये बोलू नका. तुमची बंडी मला उभी ठेवता येते.

भाचीने शेवटचं अस्त्र काढलं ते माळ्यावरून. थंडी तोंडावर आली होती, आणि रजया ट्रंकेतून काढायचं काम त्याच दिवशी होतं. दिल्लीत रजई म्हणजे कापूस भरलेली, जयपुरी असो वा इथली. चार-पाच हिवाळ्यांनी कापूस बसला की धुनिया येतो, तुणतुण वाजवत पिंजून देतो.

भाची : मावशी, रजई कधी धुतलीस?

मावशी : रजई धूत नाहीत. पाणी लागलं की कापसाचे गोळे होतात. डांबरगोळ्या घालून ठेवायची, काढली की दोन दिवस कडक ऊन द्यायचं, दोन्ही बाजूंनी झोडपायची. माझ्या लग्नातली रजई अजून आहे.

भाची : म्हणजे सगळा हिवाळा, रोज रात्री आठ तास, दोन माणसं, इतकी वर्षं. आणि पाण्याचा थेंब नाही. नुसतं ऊन आणि झोडपणं. मी जीन्सबद्दल सकाळपासून हेच तर म्हणतेय!

मावशी : रजईला खोळ असते, आठवड्याला मशीनमध्ये जाते. तुझ्या जीन्सला शिव एक खोळ, मग ठेव खुर्चीवर.